उजवीकडे झुकलेली कोयरी

डिंडोली, सुरत
१९ मे १९९४

योगेश,

आशीर्वादाने सुरुवात करतो, कारण तुझ्या बहिणीने तसं बजावलं आहे. जयश्री समोर बसून गहू निवडते आहे आणि मधूनमधून मान वाकडी करून मी काय लिहितो ते बघते आहे. आम्ही दोघं बरे आहोत. तूही पुण्यात बरा असशील.

अक्षय तृतीया गेली, आखाजी झाली. तू आला नाहीस. आमच्या गल्लीत जेवढी खानदेशी घरं आहेत तेवढ्या घरांत मुऱ्हाळी येऊन गेले आणि आपापल्या बहिणींना माहेरी घेऊन गेले. जयश्री सांजोऱ्या करून, पिशवी भरून बसली होती. दारात रिक्षा थांबली की उठायची. तिसऱ्या दिवशी तिने सांजोऱ्या शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या. मी म्हटलं, चल, मी सोडतो तुला अमळनेरला. तर म्हणाली, "भाऊ लेवाले ऊना नही, तं मी मन्हा पायें कशी जाऊ?" तुझे वडील नाहीत, दुसरा भाऊ नाही. तिचा मुऱ्हाळी तू एकटाच. माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ, तिच्या माहेरावर कशाला?

फेब्रुवारीत झालं ते मी केव्हाच सोडून दिलं. तुझ्या मनात असेल तर माझी बाजूही ऐकून घे. डिप्लोमा करून तू आमच्या विणकामाच्या कारखान्यात आलास तेव्हा तुला 'काय येतं' असं कोणी विचारलं नाही. कतारगामच्या हिरेवाल्याने अँटवर्पहून आणलेला आणि जिन्यावरून पाडलेला लॅपटॉप आपण दोघांनी भंगारातून उचलला. त्याच्यावर तू 'खुंटी' लिहिलीस. लूमवर नक्षी उठवणाऱ्या डॉबीच्या कोणत्या लाकडी पट्टीत कुठल्या भोकात खुंटी मारायची आणि कुठलं भोक मोकळं सोडायचं, ते कागदावर छापून देणारा प्रोग्रॅम सुरतेत त्या वेळी कोणाकडे होता? कोणाकडेच नाही. मी कारखानाभर मिरवलं. चौकडी निघाली, शंकरपाळी निघाली. आणि मग ती कोयरी आली. शेठने डावीकडे झुकलेली मागितली होती, आख्खा माल उजवीकडे झुकून निघाला. व्यापाऱ्याने परत केला. शेठ कापडाचा ताका उलगडून म्हणाले, "गजुभाई, आ तो ऊंधी छे." ही तर उलटी. सगळे विणकर बघत होते. तेव्हा मी तुला बोललो. 'तुझा डिप्लोमा धुळ्याच्या बाजारात नेऊन वीक,' असं म्हणालो. तू काही सांगायला लागलास, तर मी म्हटलं तोंड बंद ठेव. मिस्त्रीची जबान आहे, ती तेल लावलेली नसते.

तू जाताना म्हणालास, "दाजी, हा डबा दोन वर्षांत बंद पडेल. आणि मी नसलो तर खुंटी त्याच्याही आधी."

बघू. लॅपटॉपची बिजागरी पुन्हा निखळली होती, ती मी धोट्याच्या पितळी टोकातून कापून बसवली. आता झाकण पूर्वीपेक्षा ताठ उभं राहतं. आणि तुझ्या प्रोग्रॅममधल्या खोटीवर मी इलाज काढला आहे. सगळ्यांना सांगून ठेवलं: खुंटीचा कागद उलटा निघतो, म्हणून तो डोक्यात उलटवायचा नाही, आहे तसाच भरायचा. तेव्हापासून एकही ताका परत आलेला नाही. तुझी चूक मी निस्तरली, एवढं तरी मान.

तुझा दाजी,
गजेंद्र


डिंडोली
८ जानेवारी १९९५

योगेश,

तुझं पत्र जयश्रीला आलं. त्यात माझ्यासाठी एकही ओळ नव्हती, ती मी तीनदा शोधली.

प्लेगमध्ये आम्ही सुखरूप होतो हे तिने कळवलंच असेल. एक गोष्ट तिने लिहिली नसेल. स्टेशनवर माणसावर माणूस होता. लोक भांडी, गाद्या, देव्हारे घेऊन निघाले होते. मी एका हातात तुझ्या बहिणीचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉप पोटाशी. शर्टाच्या आत, वर मफलर गुंडाळलेला. एका बाईने विचारलं, लेकरू किती महिन्यांचं? जयश्री म्हणाली, दीड वर्षाचं, पण अजून बसायला शिकलं नाही. एवढ्या गर्दीत ती हसली, म्हणून हे लिहितो.

परत आल्यावर बॅटरी मेली. बॅटरीचा डबा चाकूने उघडला, तर आत साधेच सेल होते, एकमेकांना पत्र्याने जोडलेले. रेडिओवाल्याकडून तसलेच आणले आणि डाक दिला. पाऊण तास चालते. फ्लॉपी फिरवणारा रबराचा पट्टा ताणला होता, त्याच्या जागी टेपरेकॉर्डरचा बसवला. लूममध्ये असतं तेच इथे आहे, नुसतं लहान. काहीतरी फिरतं, काहीतरी उचलतं, आणि स्क्रू सोडवल्याशिवाय कोणी खरं बोलत नाही.

तू विसरून गेलेली निळी वही मी वापरतो. तिच्यातून कॉम्प्युटरची बेसिक भाषा शिकतो आहे. दहावी आणि आयटीआय फिटर, वय एकोणचाळीस. हसायचं असेल तर हस. परवा मी पहिल्यांदा स्वतः खुंटीत एक भर घातली. सोळाच्या ऐवजी वीस दांड्यांची डॉबी आता चालते. चालली तेव्हा मी एकटाच होतो आणि कोणाला सांगावं तेच कळेना. लूमवरच्या धुडकू आप्पाला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "पडदावर ठिपका दिसतस." त्याला तेवढंच दिसलं. तुला सगळं दिसलं असतं.

भेस्तानचे दोन कारखाने खुंटी मागून घेऊन गेले. कतारगामचे नऊ झाले. सगळे 'गजुभाईचा प्रोग्रॅम' म्हणतात. लोकांना काय सांगायचं? सुरुवातीच्या पडद्यावर मी थोडा फेरफार केला आहे, पण ते किरकोळ आहे.

आखाजीला येशील ना?

गजेंद्र


डिंडोली
२८ एप्रिल १९९६

योगेश,

ही तिसरी आखाजी. या वेळी जयश्रीने सांजोऱ्याच केल्या नाहीत. मधे आई आजारी म्हणून दोन दिवस ती गावी जाऊन आली, पण आजारपणाला जाणं म्हणजे माहेरपण नव्हे. शेजारच्या सुंदराबाईंचा भाऊ आला तेव्हा हिने त्याला चहा करून दिला, त्याच्या पायाला पाणी दिलं आणि आत जाऊन भांडी घासत बसली. भांडी स्वच्छच होती.

आज रविवार. सकाळी निळी वही काढली. मला चोवीस दांड्यांची भर घालायची होती, म्हणून पहिल्यांदाच तुझा सगळा प्रोग्रॅम ओळीने वाचायला घेतला. एवढे दिवस मी जिथे हात घालायचा तेवढंच वाचत होतो.

ओळ चारशेपाशी थांबलो. तिथे तू नक्षी उजवी-डावी फिरवली आहेस. मुद्दाम. मी म्हटलं, सापडली खोट. मग वहीत तेच पान शोधलं. तुझं अक्षर स्वच्छ आहे. लिहिलं आहेस:

'नक्षी काढणारा कापड पुढून बघतो. दाजी डॉबीच्या मागे बसून खुंट्या भरतात, म्हणून त्यांना दर वेळी डोक्यात उजवं-डावं उलटवावं लागतं. आपणच उलटवून छापायचं म्हणजे त्यांना ताण नाही. दि. ११ जानेवारी. दाजींना सांगितलं. हो म्हणाले.'

मी हो म्हणालो होतो, योगेश. आता आठवतं. मी लूमखाली आडवा होतो, तू वाकून काहीतरी सांगत होतास, आणि घरचं पोरगं बोलतंय म्हणून मी हो हो केलं. तू काय सांगितलंस ते मी ऐकलंच नाही. पंधरा वर्षं ज्या हाताने कागद उलटवून भरला त्याच हाताने तुझा आधीच उलटवलेला कागद मी पुन्हा उलटवला. चौकडी आणि शंकरपाळी दोन्हीकडून सारखी, त्यांच्यात कळलं नाही. कोयरीला कल असतो. कोयरीने मला पकडलं आणि मी तुला पकडून दिलं.

दोन वर्षं मी गावभर सांगत फिरतो आहे की पोराच्या प्रोग्रॅमात खोट आहे, त्यावर माझा इलाज म्हणजे कागद आहे तसा भरा. ते तर तुझंच सांगणं होतं. तू म्हणालास तसंच आता सगळे करतात, आणि अक्कल माझी समजतात.

तुझी काही चूक नव्हती.

जयश्री हाक मारते आहे, जेवायला वाढलं आहे. तिला कसं सांगू? तिची तीन माहेरपणं माझ्यामुळे गेली.

(हे पत्र टाकलं नाही. निळ्या वहीत ठेवलं. — ग.)


डिंडोली
११ ऑक्टोबर १९९८

योगेश,

तापीचं पाणी कतारगामच्या कारखान्यात छातीपर्यंत चढलं, हे पेपरात वाचलं असशील. आमच्या डिंडोलीत घर कोरडं राहिलं. लॅपटॉप मात्र कारखान्यात होता. कपाटाच्या वरच्या खणात ठेवून मी निर्धास्त होतो. पाण्याने कपाटच आडवं केलं.

तिसऱ्या दिवशी मी आणि धुडकू आप्पा आत शिरलो. लूम चिखलात बुडालेले. लॅपटॉप उचलला तर कोपऱ्यातून गाळ गळायला लागला. आप्पा म्हणाला, "आते हाऊ गया." मी म्हटलं, आप्पा, तुमचा लूम गेला का? तर म्हणाला, लूम कसा जाईल, धुऊन सुरू करू. मी म्हटलं, मग हाही तसाच.

घराच्या गच्चीवर जुनी चादर पसरली. सगळा उघडला. एक्केचाळीस स्क्रू. कोणता कुठला ते विसरू नये म्हणून डॉबीची एक जुनी पट्टी घेतली आणि ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने भोकांत एकेक उभा केला. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाण्याचे चार कॅन आणले, रंगाच्या ब्रशने एकेक पाटी धुतली. जयश्रीने सहा दिवस ऊन बघून चादर सरकवली. कावळा येऊ नये म्हणून काठी घेऊन बसली. हार्ड डिस्क गेली, ती वाचणार नव्हतीच. पण फ्लॉपीच्या प्रती घरी पापडाच्या डब्यात होत्या. तुझ्या बहिणीची कृपा, डबा तिने दिला. दिल्लीगेटजवळच्या एका दुकानात जुनी डिस्क मिळाली.

सातव्या दिवशी वायर लावली. गच्चीवर आम्ही दोघं, आप्पा आणि सुंदराबाई. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग, पण अक्षरं आली. टक्क आली. जयश्रीने टाळी वाजवली आणि मग लाजून पदर सारखा केला. मला एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता, हे मी तिच्यासमोर म्हणालो आणि व्हायचं ते झालं.

पाचवं वर्ष चालू आहे. तू दोन म्हणाला होतास.

आता दुसरी बातमी. मी खुंटी बंद करणार आहे, म्हणजे आहे ती चालत राहील, तिच्यात नवं काही घालणार नाही. घाबरू नकोस, कोणी बंद पाडली नाही. एकतीस कारखाने ती वापरतात. पण नव्या कारखान्यांत कॉम्प्युटरवरच चालणारी डॉबी येते आहे, तिला खुंट्याच लागत नाहीत. जुन्या लाकडी डॉब्या आणखी काही वर्षं चालतील. त्यांना जे लागतं ते सगळं खुंटीत आहे. आता मी त्यात आणखी काही घालायला गेलो तर बिघडवीनच. काम पुरं झालं की मिस्त्रीने हात पुसावेत. बंद पडणं वेगळं आणि आपल्या हाताने बंद करणं वेगळं. प्रत्येक कारखान्याला त्याच्या सगळ्या नक्षी कागदावर छापून देणार आहे, म्हणजे उद्या कॉम्प्युटर नसला तरी त्यांचं अडणार नाही. शेवटची फ्लॉपी आणि सगळा प्रोग्रॅम छापून, शिवून प्रत्येकाच्या हातात. होळीच्या सुमारास सगळ्यांना बोलावणार आहे.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. पुढच्या पत्रात लिहितो.

गजेंद्र


डिंडोली
२१ मार्च १९९९

प्रिय योगेश,

या पत्रासोबत तुझी निळी वही पाठवतो आहे. तिच्यात १९९६ सालचं एक पत्र आहे, तुझ्याच नावाचं. आधी ते वाच आणि मग हे. वाचून वही भिंतीवर फेकलीस तर सांभाळून, पानं सुटली आहेत.

वाचलंस? तर पुढे ऐक.

शेवटची फ्लॉपी बनवताना पहिला पडदा नीट करायला घेतला. तिथे माझं नाव होतं. एक गुन्हा वहीत आहे, दुसरा हा. १९९४च्या दिवाळीत मी तुझं नाव पुसून 'गजेंद्र निकम' असं लिहिलं होतं. तू निघून गेलास, मी राबतो आहे, मग नाव कोणाचं, असा हिशोब डोक्यात. जयश्री शेजारी बसून भेंडी चिरत होती. तिने विचारलं, "काय अडनं?" मी तीन वर्षं गिळलेलं सगळं तिच्यासमोर ओकलो.

ती ओरडली नाही. विळी बाजूला ठेवली. बोटांवर मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पाच आखाज्या." मी म्हटलं, मला बोल काहीतरी. तर म्हणाली, "माले सांगीसन काय फायदा? जठे तोंड सुटनं तठे जाई सांगा." म्हणजे जिथे चारचौघांत त्याला बोललात, तिथेच चारचौघांत परत घ्या. चार दिवस माझ्या ताटात भेंडीच होती.

मग पंधरवड्यामागच्या रविवारी, सकाळी दहाला, कतारगामच्या त्याच कारखान्यात, त्याच लूमपाशी, एकतीस कारखान्यांचे मिस्त्री जमले. आपले विणकर होते. शेठ होते. जयश्री सुद्धा आली, आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यात आली, आणि दाराशी सुताच्या बिमवर बसली. लूम बंद होते. एवढा शांत कारखाना मी पुरानंतर पाहिला नव्हता. मी भाषण पाठ केलं होतं, ते विसरलो. तेव्हा लॅपटॉप उघडला, खुंटी सुरू केली आणि पडद्यावर आलं ते मोठ्याने वाचून दाखवलं. तिथे आता असं आहे:

'खुंटी. बनवणारा योगेश देवरे. सांभाळणारा गजेंद्र निकम. हा कागद आधीच उलटवलेला आहे, पुन्हा उलटवू नये. फेब्रुवारी १९९४ला माल उलटा निघाला ती चूक गजेंद्र निकमची. योगेशची नाही.'

हे आता एकतीस कारखान्यांत, जितक्यांदा खुंटी सुरू होईल तितक्यांदा, आधी दिसणार. कळ दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी तशीच सोय केली आहे, आणि प्रोग्रॅमवरचं काम बंद झाल्यामुळे आता ती कोणी काढणारही नाही. मी सुद्धा नाही.

मग धुडकू आप्पा मागून म्हणाला, "मिस्तरी, येवढं सांगाले पाच वरीस लागनात?" आणि सगळा कारखाना हसला. मीही हसलो आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते काही थांबेना. शेठ उठून जवळ आले. मला वाटलं आता झाडतात. तर म्हणाले, "माल तो गयो, गजुभाई. हवे छोकराने पाछो लावो." म्हणजे, आता पोराला परत आणा.

फ्लॉप्या वाटल्या. शिवलेली पुस्तकं वाटली. भेस्तानच्या मिस्त्रीने विचारलं, उद्या काही अडलं तर? मी म्हटलं, पुस्तकात आहे, वाच. मी दहावी पास माणूस शिकलो तर तूही शिकशील. दर रविवारी सकाळी माझ्या दारात कागद घेऊन रांग लागायची, ती आता संपली. मी पुढच्या रविवारी नऊ वाजेपर्यंत झोपलो. तुला कसं सांगू किती हलकं वाटलं.

माफ कर असं लिहायला माझा हात वळत नाही. तरी लिहितो. योगेश, मला माफ कर. तू माझ्यासाठी केलंस तेच मी तुझ्या डोक्यावर फोडलं. माझ्यासाठी येऊ नकोस. आखाजी अठरा एप्रिलला आहे. जयश्रीला मी यातलं काही विचारलेलं नाही, पण काल तिने रवा आणला आहे.

तुझा दाजी,
गजेंद्र


डिंडोली
२० एप्रिल १९९९

प्रिय योगेश,

काल तू अमळनेरच्या एसटीडीवरून कारखान्यात फोन केलास आणि नेमका मधेच कटला. मागे लूमचा धडधडाट, त्यात तू हसत होतास. मला अर्धंच कळलं. त्यातलंही अर्धं बरोबर असेल असं धरून मी ते सगळ्या कारखान्याला सांगून टाकलं आहे.

तुम्ही दोघं गेल्यापासून मी एकच गोष्ट आठवत बसलो आहे. शुक्रवारी सकाळी तू दारात उभा. जयश्री पाणी भरत होती. पाच वर्षांनी भाऊ दारात, मला वाटलं आता रडारड होणार. तिने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "चहा लेशी का?" जसा काय तू कोपऱ्यावरून विड्या आणायला गेला होतास. मग स्टोव्ह पेटवायला आत गेली आणि काडेपेटीच्या सहा काड्या मोडल्या. मी मोजल्या.

तू माझ्या पत्राबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. पाया पडलास, बसलास आणि लॅपटॉप मांडीवर ओढलास. उलटा करून बघितलास. सात जातींचे स्क्रू, धोट्याच्या लाकडातून कोरलेलं एक बटण, पितळी बिजागरी. विचारलंस, "दाजी, यात मूळचं काय उरलंय?" मी म्हटलं, पडद्यावरचं तुझं नाव, आणि तेही मधे साडेचार वर्षं नव्हतं. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. मग खुंटी सुरू केलीस, पहिला पडदा वाचलास, पुन्हा वाचलास आणि कळ दाबायला तुला फार वेळ लागला. आणि मग काय म्हणालास? "ओळ चारशे दहा फुकट आहे. तिच्याशिवायही चालतं." पाच वर्षं मी ती ओळ जपली, बाबा. तू माझ्या तोंडावर ती खोडलीस आणि ते चाललं. तुझ्यावर रागवायला मला इतकं सुख पूर्वी कधी झालं नव्हतं.

कोयरीचा तो ताका जयश्री बाहेर काढेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. परत आलेल्या मालातला एक मी ठेवून घेतला होता आणि पलंगाखालच्या पेटीत दडवला होता. वाटलं होतं तिला माहीत नाही. बाई पाच वर्षं त्याच्यावर झोपत होती. कारखान्यातल्या त्या रविवारनंतर तिने तो बाहेर काढला आणि सुंदराबाईंच्या मशिनवर पोलकी शिवायला बसली. मी विचारलं, कोणासाठी? तर म्हणाली, गावच्या पोरींसाठी, रिकाम्या हाताने जाऊ का?

फोनवर तू तेच सांगत होतास ना? की लिंबाच्या झोक्यावर अकरा पोरी आहेत, अकराही जणींच्या अंगात त्या कोयऱ्या, आणि झोका कुठेही गेला तरी कोयरी मेली उजवीकडेच झुकते? आई ओट्यावर बसून बघते आहे आणि विचारते आहे की एवढं चांगलं कापड व्यापाऱ्याने परत का केलं? आणि जयश्री झोक्यावर उभी राहून गाणी म्हणते आहे? इथपर्यंत मी ऐकलं. मग कटला.

तू विचारलंस ते मात्र नीट ऐकू आलं: दाजी, खुंटी बंद झाली, आता लॅपटॉपचं काय करणार? काही नाही करणार. प्रोग्रॅम संपला म्हणून मशीन संपत नाही. आज सकाळी चालू केला, खिडकीपाशी ठेवला, तुझं नाव बघितलं, बंद केला. पंखा आवाज करतो आहे. रविवारी उघडीन. दोन वर्षांची पैज होती, सहावं चालू आहे. हरल्याबद्दल तू मला काय देणार ते बहिणीला विचारून ठरव.

तिला घाईने पाठवू नकोस. पाच वर्षांची आखाजी एकाच महिन्यात बसवायची आहे. घ्यायला मी स्वतः येईन आणि तेव्हा तुझ्या आईसमोर पुन्हा एकदा सगळं सांगेन, तिथे सांगायचं राहिलं आहे.

गल्लीतल्या बायका येता-जाता विचारतात, जयश्री कुठे? मी सांगतो, माहेरी. भाऊ घ्यायला आला होता. काही जणींनी विचारलं नाही, त्यांनाही बोलावून सांगितलं. पाच आखाज्या या घरात ती असायची आणि मला मान वर करता यायची नाही. आज घर रिकामं आहे आणि मी दार सताड उघडं टाकून ओट्यावर बसलो आहे.

तुझा दाजी,
गजेंद्र

ता. क. दुपारी खिचडी करपली, तिचं नवं पातेलं काळं झालं. जयश्रीला सांगू नकोस.
नको, सांगूनच टाक.